थॉमस जेफर्सन आणि नव्या मुलखाचा कारभार

एखाद्या घराने शेजारचे रान विकत घेतले, तर त्याची मशागत कशी करावी एवढाच प्रश्न असतो. परंतु त्या रानात माणसे नांदत असली, म्हणजे प्रश्न निराळा होतो. ती माणसे आता घरात कोणत्या नात्याने वागवावयाची? धाकट्या भावाप्रमाणे, की गड्याप्रमाणे? ज्या देशातून १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, त्या संयुक्त संस्थानांपुढे हा प्रश्न अगदी बाल्यावस्थेतच उभा राहिला. त्याचे उत्तर देण्यात थॉमस जेफर्सन ह्यांचा मोठा हात होता. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही पुष्कळ आहे. एक सांगून दुसरे झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही.

जेफर्सन ह्यांचा जन्म ता. १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनिया वसाहतीत झाला. वडील जमिनीची मोजणी करणारे व मोठे जमीनदार होते. थॉमस चौदा वर्षांचे असता ते वारले. मुलास वारशाने जमीन मिळाली आणि तीवर राबणारे आफ्रिकी वंशाचे गुलामही मिळाले. पुढे कॉलेजात विद्या संपादून ते वकील झाले. १७७६ साली तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाचे जू झुगारून दिले, तेव्हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिण्याचे काम ह्या तेहतीस वर्षांच्या तरुणाकडे आले. सर्व माणसे जन्मतः समान आहेत व सरकारची सत्ता प्रजेच्या संमतीने चालते, हे त्या लेखाचे सार होय. धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती होऊ नये असा कायदाही त्यांनीच लिहिला. तो व्हर्जिनियाने १७८६ साली मंजूर केला.

वसाहतींचे गाऱ्हाणे काय होते? दूर बसलेले सरकार आपल्यावर कर बसविते, पण त्या सरकारात आपल्यास बोलावयास जागा नाही, हे मुख्य होते. १७८३ साली इंग्लंडशी तह झाला आणि मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख ह्या नव्या राष्ट्राकडे आला. आता हे राष्ट्रच दूर बसलेले सरकार झाले. काल ज्याने अन्याय सोसला, तो आज सत्ता हाती येताच तसाच वागेल काय? खरी कसोटी ही होती.

ता. १ मार्च १७८४ रोजी व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या वायव्येकडील मुलखावरचा आपला हक्क सर्व राष्ट्राच्या स्वाधीन केला. त्याच दिवशी जेफर्सन ह्यांनी काँग्रेस सभेपुढे पश्चिमेकडील मुलखाच्या कारभाराची योजना मांडली. तिचे मर्म असे की, हा मुलूख कायमचा ताबेदार राहू नये. तेथे वस्ती वाढली म्हणजे त्याची नवी संस्थाने व्हावी, आणि त्यांचा दर्जा जुन्या तेरा संस्थानांच्या बरोबरीचा असावा. शिवाय १८०० सालानंतर त्या सर्व मुलखात गुलामगिरी नसावी, असेही एक कलम तीत होते.

ता. १९ एप्रिल रोजी ह्या कलमावर मते घेण्यात आली. सात संस्थानांची मते हवी होती, ती सहाच पडली. न्यू जर्सीचा एक सभासद आजारी पडून घरी राहिला होता, म्हणून त्या संस्थानाचे मत धरले गेले नाही. खुद्द जेफर्सन ह्यांच्या व्हर्जिनियाचे मतही विरुद्ध पडले. अशा रीतीने एका मताने ते कलम गेले. वाचकहो, सभेतील एक रिकामी जागा किती महाग पडते ते पाहा. ओहायोच्या दक्षिणेस पुढे गुलामगिरी पसरत गेली आणि लाखो माणसे तिच्यात भरडली गेली.

जेफर्सन त्याच वर्षी वकील म्हणून फ्रान्सास गेले, परंतु त्यांनी पेरलेले बी मेले नाही. १७८५ च्या कायद्याने मुलखाची मोजणी ठरली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एकेक चौकोन आखून त्याचे ३६ भाग पाडावयाचे, आणि त्यांतील सोळावा भाग शाळेसाठी राखावयाचा. मग ता. १३ जुलै १७८७ रोजी ओहायोच्या वायव्येकडील मुलखाचा प्रसिद्ध कायदा झाला. आरंभी काँग्रेसने नेमलेला गव्हर्नर, चिटणीस व तीन न्यायाधीश कारभार पाहतील. स्वतंत्र प्रौढ पुरुषांची संख्या ५,००० झाली म्हणजे लोकांनी निवडलेली सभा बसेल. वस्ती ६०,००० झाली म्हणजे बरोबरीचे संस्थान होईल. धर्मस्वातंत्र्य व पंचांसमोर चौकशीचा हक्क पहिल्यापासूनच दिला, आणि गुलामगिरी मना केली. जुन्या मालकांनी पुष्कळ वर्षे पळवाटा काढल्या हे खरे, तरी नियम टिकला. ह्याच मुलखातून ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन व विस्कॉन्सिन ही पाच संस्थाने १८०३ ते १८४८ ह्या काळात निर्माण झाली.

१८०१ साली जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांची स्वतःची परीक्षा आली. ता. ३० एप्रिल १८०३ च्या तहाने फ्रान्साकडून लुइझियाना नावाचा विस्तीर्ण मुलूख दीड कोट डॉलरांस विकत मिळाला. देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. तेथील रहिवाशांस लवकरच नागरिकांचे सर्व हक्क द्यावे, असे तहात लिहिले होते. परंतु न्यू ऑर्लिन्सचे लोक फ्रेंच बोलणारे, बहुधा रोमन कॅथलिक आणि निराळ्या कायद्याखाली वाढलेले. ते स्वराज्यास अद्याप तयार नाहीत, असे जेफर्सन ह्यांस वाटले. १८०४ च्या कायद्याने गव्हर्नर राष्ट्राध्यक्षाने नेमावयाचा आणि कायदे करणारे तेरा सभासदही त्यानेच नेमावयाचे, असे ठरले. निवडणूक मुळीच नव्हती. नेमलेले गव्हर्नर क्लेबोर्न ह्यांस फ्रेंच भाषाही येत नव्हती. जाहीरनाम्याच्या लेखकाने वायव्येकडील कायद्याची पहिली पायरी दुसऱ्यांवर लादली, तीही अधिक कडक करून.

रहिवाशांनी तक्रारअर्ज लिहून तीन प्रतिनिधी वॉशिंग्टनास पाठविले. काँग्रेसने ऐकले. १८०५ साली निवडलेली सभा मिळाली आणि १८१२ साली लुइझियाना बरोबरीचे संस्थान झाले. पण एक गोष्ट मनास बोचते. त्याच अर्जात ह्या लोकांनी परदेशातून गुलाम आणण्याची मोकळीकही मागितली होती. आपले स्वातंत्र्य मागणाऱ्या हातानेच त्यांनी दुसऱ्याची बेडी मागितली. आणि १८०५ च्या कायद्याने वायव्येकडील सारे हक्क तेथे लागू केले, पण गुलामगिरीची मनाई तेवढी वगळली.

त्या भूमीचे मूळ रहिवासी तर ह्या हिशेबात कोठेच नव्हते. त्यांची जमीन संमतीवाचून घेऊ नये असे १७८७ च्या कायद्यात लिहिले होते. तरी जेफर्सन ह्यांनीच १८०३ साली एका गव्हर्नरास खाजगी पत्राने सुचविले की, त्यांच्या मुख्यांस व्यापाऱ्यांच्या दुकानी कर्ज होऊ द्यावे, म्हणजे ते फेडण्यास ते जमिनी देतील. सावकाराची ही रीत आमच्या खेड्यांतील वाचकांस समजावून सांगावी लागणार नाही.

ता. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्यास बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, जेफर्सन वारले. आयुष्यभरात त्यांच्या मालकीचे सहाशेहून अधिक गुलाम होते. त्यांतील अगदी थोड्यांस त्यांनी मुक्त केले. मागे कर्ज राहिले, म्हणून १८२७ च्या जानेवारीत घरच्या सामानाबरोबर माणसांचाही लिलाव मांडला गेला.

तर मग ह्या पुरुषाविषयी आम्ही काय म्हणावे? नव्याने आलेल्यास घरात बरोबरीचे स्थान द्यावे, हे तत्त्व त्यांनी राज्याच्या कायद्यात आणले, ही त्यांची थोरवी. त्या घरात माणूस म्हणून कोण मोजला जावा हे ठरविताना त्यांचा हात आखडला, हा त्यांचा दोष. तत्त्व मात्र त्यांच्यापेक्षा मोठे होते. ज्यांस त्यांनी बाहेर ठेविले, त्यांच्या वंशजांनी पुढे त्याच तत्त्वाच्या आधारे आपला हक्क मागितला. कोणत्याही देशाचा किंवा गावाचा कारभार पाहताना आम्ही हेच विचारावे : सर्वांत शेवटी आलेल्यास आणि सर्वांत खाली ठेवलेल्यास येथे बोलावयास जागा आहे काय?