हाताला काम देणारा राजा

संस्थानिक म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे हत्ती, अंबारी, शिकारीचा थाट आणि खजिन्यातील जडजवाहीर उभे राहते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांच्या पदरीही हत्ती होते. शिकारीचा आणि कुस्तीचा शोक त्यांनाही होता. परंतु संस्थानिकाचे आणखी एक रूप असते व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या मुलुखातील तो सर्वांत मोठा धनी असतो. कचेरीतील कारकुनापासून पागेतील मोतद्दारापर्यंत असंख्य माणसे त्याच्या पगारावर जगतात, आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे चाकरीच्या आशेने त्याच्या दाराशी उभी असतात. या दाराशी उभ्या असलेल्या माणसांशी महाराज कसे वागले, एवढ्याच दृष्टीने त्यांचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी त्यांना कोल्हापूरच्या गादीसाठी दत्तक घेतले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षेही पुरी झाली नसताना, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्यानंतरचे दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्याने दगा दिला.

१८९६-९७ च्या त्या दुष्काळात हिंदुस्थानचा फार मोठा भाग होरपळून निघाला. दुष्काळ म्हणजे धान्याची टंचाई असे आपण समजतो; परंतु गरिबाच्या घरी धान्याच्याही आधी काम नाहीसे होते. पाऊस नाही म्हणून पेरणी नाही, खुरपणी नाही, कापणी नाही. आणि ही कामे नाहीत म्हणून मजुराला रोज नाही. बाजारात धान्य आले तरी ते विकत घेण्यास गाठीला दमडी नाही, अशी त्याची अवस्था होते. तरुण महाराजांना हे वर्म नेमके उमगले. ते स्वतः गावोगाव फिरले. स्वस्त धान्याची दुकाने त्यांनी उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, ज्यांना कोणाचाच आधार उरला नव्हता त्यांच्यासाठी निराधार आश्रम काढले. त्याचबरोबर रस्ते, विहिरी व तलाव यांची कामे सुरू करून धडधाकट माणसांच्या हातांना त्यांनी काम दिले. वाढलेल्या ताटापेक्षा मिळवलेली भाकरी माणसाची मान ताठ ठेवते, हा विचार या कामांच्या मुळाशी होता.

या दुष्काळी कामांवरील एक सोय आम्हांला फार मोलाची वाटते. खडी फोडण्यास आणि माती वाहण्यास स्त्रियाही येत. कडेवर तान्हे मूल असलेल्या बाईने काय करावे? मूल उन्हात बांधावर निजवून ठेवावे, की मुलासाठी मजुरीवर पाणी सोडावे? महाराजांनी मजुरांच्या लहान मुलांसाठी शिशुगृहांची व्यवस्था केली. पुष्कळ स्त्रिया जेथे काम करतात अशा कारखान्यांत पाळणाघर असलेच पाहिजे, असे बंधन स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने घातले. कोल्हापूरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या राजाला ती गरज त्याच्या पन्नास वर्षे आधी दिसली होती. काम उपलब्ध आहे असे जाहीर केल्याने धन्याचे कर्तव्य संपत नाही. गरजवंत आणि काम यांच्यामध्ये कोणता अडसर आहे हे पाहून तो दूर करावा लागतो. महाराजांच्या पुढील सर्व आयुष्याचे सूत्र आम्हांला या शिशुगृहांत सापडते.

दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच प्लेगने गाठले. त्यातूनही संस्थान सावरले. परंतु दुसरा एक दुष्काळ पावसाने हटणारा नव्हता. महाराजांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदे एकट्या ब्राह्मण समाजाकडे होती. कारकुनांच्या कचेऱ्यांतही हेच चित्र होते. पिढ्यान् पिढ्या विद्या एकाच अंगणात राहिल्याचा हा परिणाम होता. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला कचेरीची पायरी चढावी असे स्वप्नातही येत नव्हते. आणि ज्याला आले त्याची तेथे ओळख देणारे कोणी नव्हते. पुढे वेदोक्ताच्या वादात स्वतः महाराजांनाच जातीच्या उच्चनीचतेचा चटका बसला आणि त्यांचा निश्चय पक्का झाला.

२६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. त्या वेळी महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले होते. संस्थानात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे शंभरांतील पन्नास, जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, असे या हुकुमाने ठरले. ज्या खात्यात या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, असेही त्यात होते. परंतु सरकारी कचेरीत उभे आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांची दृष्टी खिळते ती हुकुमाच्या अखेरीस: केलेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावा, अशी आज्ञा तेथे आहे. चांगले हुकूम फायलींत कसे झोपी जातात, हे कारभारात मुरलेल्या माणसालाच ठाऊक असते. महाराजांची कनवाळू वृत्ती भाबडी नव्हती. तिला तिमाही तक्त्याची जोड होती.

टीका अर्थातच झाली. नेमणूक गुणांवर व्हावी, जातीवर नव्हे, हा आक्षेप तेव्हाही होता. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी तो महाराजांपुढे मांडला, तेव्हा महाराज त्यांना आपल्या पागेत घेऊन गेले, असे सांगतात. तेथे सर्व घोड्यांचे चंदीचे तोबरे काढून हरभरे एकत्र पसरण्यास त्यांनी सांगितले. धट्टेकट्टे घोडे तुटून पडले; अशक्त शिंगरे लाथांच्या भयाने दूर उभी राहिली. ज्याची चंदी त्याच्या तोंडाशी बांधण्याचे कारण अभ्यंकरांना शब्दांवाचून कळले.

जागा राखून ठेवल्या तरी त्या भरण्यास शिकलेली मुले हवीत. म्हणून १९०१ च्या मराठा बोर्डिंगपासून आरंभ करून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा नाना समाजांच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. सर्वांनाच कचेरीत सामावून घेता येणार नाही, हेही महाराज जाणून होते. १९०६ साली शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची पायाभरणी झाली. गुळाच्या व्यापाराला शाहूपुरीची पेठ मिळाली. शेतीला बारमाही पाणी मिळावे म्हणून राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले. पैशाअभावी ते १९१८ साली थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले.

काही माणसे अशी होती की त्यांना चाकरी देण्याचा विचारही कोणी केला नसता. फासेपारध्यांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का होता. महाराजांनी त्यांना सोनतळी येथे आपल्या सान्निध्यात वसविले आणि पहाऱ्याचे काम दिले. ज्यांच्यापासून घर राखायचे त्यांच्याच हाती पहारा सोपविणे हे धाडस होते. परंतु विश्वास टाकल्यावाचून माणूस विश्वासास पात्र ठरत नाही, अशी त्यांची धारणा होती. महार, मांग, रामोशी, बेरड इत्यादी जातींच्या माणसांना पोलिसांकडे रोज हजेरी द्यावी लागे. रोज हजेरीला जाणारा माणूस परगावी काम शोधण्यास कसा जाणार? १९१८ साली ती हजेरी त्यांनी बंद केली. अस्पृश्य समाजातील माणसे माहूत आणि कोचमन म्हणून राजवाड्यावर आली. काहींना वकिलीच्या सनदाही मिळाल्या.

गंगाराम कांबळे यांची हकीकत प्रसिद्ध आहे. ते पागेत चाकरीला होते. वरच्या जातीच्या नोकरांसाठी असलेल्या पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून, महाराज बाहेरगावी असताना, त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परतल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखविले. मारणाऱ्यांना शासन झाले. पण महाराज तेथे थांबले नाहीत. त्याच पागेत त्याच माणसांत गंगाराम पुन्हा सुखाने नांदू शकणार नाहीत हे ओळखून त्यांनी त्यांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. आता अडसर वेगळा होता: महाराच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा छत्रपतींची गाडी त्या हॉटेलासमोर उभी राहू लागली. महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजाने प्यालेल्या चहाला नाके मुरडणे हळूहळू अवघड झाले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचे पहिले स्मारक कोल्हापुरात उभारले गेले ते गंगाराम कांबळे यांच्या पुढाकाराने. धन्याच्या मागे त्याच्या चाकराने वर्गणी गोळा करून स्मारक उभारावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांला ठाऊक नाही.

२००९ साली दिल्लीत संसदेच्या आवारात महाराजांचा पुतळा बसला. त्यापासून आमचे पहाडगंज काही फार दूर नाही. येथे रेल्वे स्थानक अगदी दाराशी आहे, नूतन मराठी विद्यालय आहे, आणि मराठी बोल कानी पडतील अशी घरे आहेत. काळ ओढगस्तीचा झाला की प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन गाडीतून उतरणारी मुले वाढतात. त्यांना नोकरी देणे मंडळाच्या हाती नाही. परंतु नोकरी आणि ते मूल यांच्यामध्ये कधी रात्रीच्या निवाऱ्याचा अडसर असतो, कधी भाषेचा, कधी अर्ज नीट भरून देणाऱ्या माणसाचा, तर कधी केवळ धीराच्या एका शब्दाचा. हे अडसर काढण्यास राज्य लागत नाही. पन्नास वर्षे ज्या ज्या कार्यकर्त्यांनी आपल्या दोन खोल्यांत तिसऱ्याला जागा केली, त्यांनी महाराजांचेच काम आपल्या परीने चालविले आहे. पुढील पन्नास वर्षांत मंडळाचे सभागृह मोठे होवो. त्याहूनही, परमुलुखातून काम शोधत आलेल्या मुलाला या दाराशी फार वेळ उभे राहावे न लागो, एवढीच आमची प्रार्थना आहे.