शब्दाचे सूत : आचार्य विनोबा

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी हा गीताजयंतीचा पुण्यदिन. या दिवशी धुळ्याच्या कारागृहाचे स्मरण होणार नाही असा गीताभक्त खानदेशात विरळा. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी आचार्य विनोबांनी तेथील बंदिवानांस गीतेचे अठरा अध्याय उलगडून सांगितले व साने गुरुजींनी ते लिहून घेतले. ही गीताप्रवचने घरोघरी वाचली जातात. ती सांगणाऱ्या पुरुषाचे अवघे जीवन मात्र एका सूत्रात ओवलेले होते. ते सूत्र म्हणजे उच्चारलेल्या शब्दाची राखण.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. मातोश्री रुक्मिणीबाईंनी देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. दाणे मोजण्यापेक्षा मापाने घ्यावेत, असे वडिलांनी सुचविले. परंतु एकेका दाण्याबरोबर एकेक नामस्मरण घडते, हे पुत्राने मातेस पटवून दिले आणि मोजणी तशीच चालू राहिली. संकल्प म्हणजे नुसता हिशेब नव्हे, हा धडा त्यांना घरातच मिळाला.

१९१६ साली परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले व काशीस गेले. त्याच वर्षी ७ जून रोजी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढे एक वर्षाची रजा घेऊन त्यांनी वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी शास्त्राध्ययन केले, गावोगाव गीता सांगितली आणि वर्ष भरताच ठरल्या दिवशी ते आश्रमाच्या दारी उभे राहिले. गांधीजींना त्या मुदतीचा विसर पडला होता; विनोबांना पडला नव्हता.

अशा सत्यव्रती पुरुषाने मूळ अरबीतून कुराणाचे अध्ययन केले व त्याचे सार ग्रंथरूपाने लोकांपुढे ठेवले. त्या धर्मातील शपथेचे नियम आपणही जाणून घेण्यासारखे आहेत. तेथे शपथ केवळ ईश्वराच्या नावाने वाहावयाची असते. आईबापांची शपथ निषिद्ध आहे. बोलण्याच्या ओघात सहज निघालेल्या शपथेचा दोष धरला जात नाही. मनःपूर्वक वाहिलेली मोडली तर प्रायश्चित्त आहे. आपण घरी जेवतो तसे अन्न दहा गरिबांस द्यावे, किंवा त्यांना वस्त्रे द्यावीत, किंवा एक दास मुक्त करावा. यांपैकी काहीच शक्य नसेल तर तीन दिवस उपवास करावा. सत्कर्माच्या आड येणारी शपथ मात्र धरून बसू नये. ती मोडून प्रायश्चित्त घ्यावे. येथे भीष्माचार्यांचे स्मरण होते. सिंहासनाशी बांधलेल्या प्रतिज्ञेने त्या महापुरुषाला भर सभेत मौन धरावयास लाविले. जाणूनबुजून घेतलेली खोटी शपथ तर महापातकच होय. आपल्या मनूनेही आठव्या अध्यायात क्षुल्लक कारणासाठी खोटी शपथ वाहणाऱ्याचा इहपरलोकी नाश सांगितला आहे.

करार मोडणाऱ्याला कुराणात एक उपमा दिली आहे. पक्के कातलेले सूत स्वतःच उसकटून टाकणाऱ्या स्त्रीची ती उपमा होय. आयुष्यभर व्रत म्हणून सूत कातणाऱ्या विनोबांच्या चरित्राला ती किती शोभून दिसते!

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानगंगेचा उगम झाला. लक्षावधी एकर भूमीची दानपत्रे विनोबांच्या हाती पडली. परंतु कागदावर लिहिलेली सारीच भूमी भूमिहीनांच्या नांगराखाली आली नाही. दात्याने उच्चारलेला शब्द जेथे खरा ठरला, तेथे गरिबाच्या घरी चूल पेटली. जेथे तो विरला, तेथे त्याचे पोट रिकामे राहिले. मोडलेल्या शब्दाचा भार नेहमी दुर्बळालाच वाहावा लागतो.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या दिवशी, अन्नपाणी वर्ज्य केलेल्या विनोबांनी पवनार येथे देह ठेवला.

आपल्या घरांतून मुले दिवसातून दहा वेळा आईची शपथ वाहतात आणि वडीलधारी मंडळी देवाची. शेजारच्या मोहल्ल्यातील धर्मनिष्ठ गृहस्थ ज्या शपथेला कचरतो, ती आपण भाजीच्या भावासाठी खर्च करावी काय? गीताजयंतीस पोथीची पूजा करताना, आपण कोणाला दिलेला शब्द अजून पुरा व्हावयाचा आहे याचे स्मरण करावे आणि तो पुरा करावा. गीतेच्या पारायणाचे फळ त्यातच आहे.