विश्लेषण : सुएझ कालव्यावरून ब्रिटनला नमवणारे नासर कोण होते?

ब्रिक्स गटात १ जानेवारी २०२४ पासून इजिप्तही आहे. पाश्चात्त्य वर्चस्वाला पर्याय म्हणून या गटाची चर्चा होते, तेव्हा इजिप्तच्या एका राष्ट्राध्यक्षाचे नाव निघतेच : गमाल अब्देल नासर. १९५६ मध्ये त्यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला आणि शेवटी ब्रिटन-फ्रान्सला माघार घ्यावी लागली. हे जमले कसे?

टपाल कर्मचाऱ्याचा मुलगा

नासर यांचा जन्म १५ जानेवारी १९१८ रोजी अलेक्झांड्रियात झाला. वडील टपाल खात्यात होते. १९३५ मध्ये ब्रिटिशविरोधी मोर्चात शाळकरी नासर यांच्या कपाळाला गोळी चाटून गेली. पुढे ते लष्करात गेले. १९४८ च्या युद्धात त्यांची तुकडी फालुजा येथे इस्रायली वेढ्यात अडकली. त्या पराभवाचा राग राजे फारूक यांच्यावर निघाला. २३ जुलै १९५२ रोजी नासर यांच्या लष्करी गटाने सत्ता उलथवली.

कालवा ताब्यात का घेतला?

कालवा इजिप्तच्या भूमीवर, पण कंपनीचा कारभार पॅरिसमधून आणि ४४ टक्के शेअर ब्रिटिश सरकारकडे. कंपनीचा करार १९६८ मध्ये संपणारच होता. मात्र नासर यांना आस्वान धरणासाठी पैसा हवा होता. त्यांनी सोव्हिएत गटाकडून शस्त्रे घेतली, कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली. त्यानंतर १९ जुलै १९५६ रोजी अमेरिकेने धरणाच्या मदतीतून अंग काढून घेतले. नासर तेव्हा पंडित नेहरूंसोबत युगोस्लाव्हियातून कैरोला परतत होते.

आठवडाभरातच, २६ जुलैला, अलेक्झांड्रियातील भाषणात त्यांनी कालवा बांधणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्स यांचे नाव पुन्हा पुन्हा घेतले. तो सांकेतिक शब्द होता. रेडिओवर तो ऐकताच अभियंते महमूद युनूस यांच्या पथकांनी कंपनीची कार्यालये ताब्यात घेतली. शेअरधारकांना भरपाई देण्याचेही नासर यांनी जाहीर केले.

खरी परीक्षा पायलटांची

युद्धाचा भाग सगळ्यांना माहीत असतो, पायलटांचा फारसा नाही. कालव्यातून जहाज नेताना वाट दाखवणारा पायलट जहाजावर चढतो. पाणी अरुंद, जहाजांचे ताफे एकेरी, चूक झाली तर मागची रांग थांबते. सुमारे २०० पायलटांपैकी इजिप्शियन जेमतेम ४०. १५ सप्टेंबरच्या सुमारास बहुतेक पाश्चात्त्य पायलट काम सोडून गेले. इजिप्तला हे जमणार नाही, अशी लंडन-पॅरिसची अटकळ होती. पण इजिप्शियन पायलटांनी जादा पाळ्या केल्या, इतर देशांतून नवे पायलट आणले गेले आणि जहाजे जात राहिली. कालवा चालवण्याची कुवत नाही, हा दावा तिथेच गळून पडला. माझ्या मते नासर यांचा खरा विजय हाच.

मग युद्ध कोणी जिंकले?

रणांगणावर नासर हरत होते. २९ ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईत सैन्य घुसवले, पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सने बॉम्बफेक केली आणि पोर्ट सैदमध्ये सैन्य उतरवले. इजिप्तने जहाजे बुडवून कालवा बंद केला. निकाल मात्र वॉशिंग्टनमध्ये लागला. पौंड घसरत होता आणि युद्ध थांबवल्याशिवाय मदत नाही, अशी आयसेनहॉवर यांची भूमिका होती. सोव्हिएत संघानेही धमकावले. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री शस्त्रसंधी झाली. जानेवारी १९५७ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ईडन पायउतार झाले. म्हणजे लंडन-पॅरिसची सत्ता गेली ती प्रामुख्याने वॉशिंग्टन आणि मॉस्कोकडे.

पुढे काय झाले?

धरण सोव्हिएत मदतीने उभे राहिले. १९६१ मध्ये नेहरू, टिटो यांच्यासह नासर यांनी बेलग्रेडमध्ये अलिप्ततावादी देशांची परिषद घडवली. पण देशात विरोधकांना तुरुंग होता आणि येमेनच्या यादवीत सैन्य रुतले. जून १९६७ मध्ये इस्रायलने सहा दिवसांत सिनाई घेतला आणि कालवा पुन्हा बंद पडला. २८ सप्टेंबर १९७० रोजी नासर ५२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. कालव्यातून पुन्हा जहाजे सुटली ती ५ जून १९७५ रोजी, अन्वर सादात यांच्या काळात.