पन्नाशीनंतरचे पर्व : पंडित विष्णु नारायण भातखंडे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले, तेव्हा आमच्या मनात प्रथम घोळू लागला तो पन्नास हा आकडाच. संस्थेची पन्नाशी कौतुकाची असते; माणसाची पन्नाशी मात्र आपल्याकडे निवृत्तीची चाहूल मानली जाते. जे करावयाचे राहिले ते आता राहूनच जाणार, ही खंत त्या वयात पुष्कळांना ग्रासते. अशा वेळी आम्हांस पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण होते. वयाच्या पन्नासाव्या वर्षापर्यंत संगीतप्रेमी मंडळींच्या लहानशा वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. पुढील पंचवीस वर्षांत त्यांनी हिंदुस्थानी संगीताच्या अध्यापनास नवे वळण दिले.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. बासरी व सतार यांचा नाद बालपणापासूनचा. परंतु मध्यमवर्गीय घरातील मुलाने गाण्यावर पोट भरावे, असा तो काळ नव्हता. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले, १८८७ मध्ये त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. काही काळ कराचीस आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. दिवसा न्यायालय आणि उरलेला वेळ संगीत, असा त्यांचा क्रम होता. १८८४ पासून ते पारशी गृहस्थांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले होते. तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे आणि इतर उस्तादांकडून ख्याल त्यांनी संपादन केले. त्यात प्रसिद्धीची अपेक्षा नव्हती.

अशात संसारावर घाला आला. १९०० मध्ये पत्नी निवर्तली आणि १९०३ मध्ये एकुलती मुलगीही गेली. त्रेचाळिसाव्या वर्षी घर रिकामे झाले. अशा आघाताने माणूस एक तर खचतो, नाही तर विरक्त होतो. भातखंड्यांनी तिसरा मार्ग धरला. १९०४ मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा अशी स्थळे पाहत, विद्वानांना प्रश्न विचारीत आणि जुनी हस्तलिखिते धुंडाळीत ते हिंडले. एट्टयपुरम येथे वृद्ध सुब्बराम दीक्षितांची भेट झाली. व्यंकटमखीने मांडलेल्या बहात्तर मेळांच्या व्यवस्थेचा त्यांच्या विचारावर मोठा परिणाम झाला. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयानगरम्, जगन्नाथपुरी, कलकत्ता. १९०८ मध्ये प्रयाग, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर. प्रत्येक ठिकाणची चर्चा ते रोजनिशीत टिपून ठेवीत.

१९१० साली पन्नाशीत प्रवेश करताना त्यांनी वकिलीचा व्यवसाय सोडला. त्याच सुमारास ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिलेल्या या मराठी ग्रंथाचा चौथा भाग १९३२ मध्ये बाहेर पडला. नवलाची गोष्ट अशी, की संस्कृत ग्रंथावर कर्ता म्हणून चतुर पंडित आणि मराठी ग्रंथावर विष्णु शर्मा अशी नावे होती. कीर्ती दाराशी आली, तेव्हा त्यांनी तिला टोपणनावाने सामोरे जाणे पसंत केले.

या ग्रंथांत त्यांनी प्रचलित रागांची कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत विभागणी केली. जुन्या ग्रंथांतील नियम आणि गवयांच्या गळ्यातील राग यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून चालू गायकीलाच त्यांनी प्रमाण मानले. सोपी स्वरलिपी योजून घराण्यांतील शेकडो बंदिशी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सर्वांना खुल्या केल्या. दहा साच्यांत सारे राग मावत नाहीत, असा आक्षेप पुष्कळ जाणत्यांनी घेतला आणि तो निराधार नव्हता. उस्तादांविषयीची त्यांची मतेही कधी कधी कठोर असत. तथापि, त्याच उस्तादांपुढे विद्यार्थी होऊन बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. रामपूरच्या परंपरेतील विद्या मिळावी म्हणून त्यांनी पन्नाशी उलटल्यावर नवाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले.

१९१६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार भातखंडे होते. पुढे दिल्ली, काशी व लखनौ येथे परिषदा झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय स्थापन झाले. १९२६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, राय उमानाथ बली आदींच्या साह्याने त्यांनी लखनौस मॅरिस कॉलेज उभे केले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते पुढे दीर्घकाळ सांभाळले. मराठीत लिहिलेले त्यांचे ग्रंथ हाथरसच्या संगीत कार्यालयाने हिंदीत आणले आणि ते उत्तर हिंदुस्थानभर पोहोचले.

१९३३ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणास खिळविले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांचे देहावसान झाले. लखनौचे ते विद्यालय पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि आज तेथे त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय आहे.

उशिरा मिळालेल्या यशाची कथा सांगताना आपण बहुधा दैवाला श्रेय देतो. भातखंड्यांच्या चरित्रात आम्हांस तसे दिसत नाही. ज्यास जग विलंब म्हणेल, त्या काळात ते ऐकत होते, लिहून घेत होते, प्रवास करीत होते. पन्नाशीनंतर जे प्रकट झाले, ते आधीच्या तीस वर्षांत साठविलेले होते. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपणांस यात आणखी एक बोध आहे. ते ज्या ज्या प्रांतात गेले, तेथे आधी शिकले आणि मग शिकवू लागले. म्हणूनच लखनौने एका मुंबईकर मराठी गृहस्थास आपले मानले.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात एखादी सतार, अर्धवट राहिलेले एखादे हस्तलिखित वा अपुरा अभ्यास धूळ खात पडला असेल, त्यांनी या सुवर्णमहोत्सवी वर्षी तो पुन्हा हाती घ्यावा, एवढीच आमची विनंती.