वनातील साधक : थोरो

अमेरिकेतील कॉन्कर्ड या गावी १८१७ मध्ये हेन्री डेव्हिड थोरो यांचा जन्म झाला. उच्च शिक्षण घेऊनही त्यांना धनाची ओढ लागली नाही. जगण्यासाठी माणसाला नेमके किती लागते, हे त्यांना स्वतः अनुभवायचे होते. म्हणून ४ जुलै १८४५ रोजी ते गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी, शांत वनात राहावयास गेले. तेथील लहानशी झोपडी त्यांनी स्वतःच बांधली होती. तिला अठ्ठावीस डॉलरांहून थोडासाच अधिक खर्च आला. शेंगांचे पीक काढावे, पाखरांचे बोल ऐकावेत, तळ्याची खोली मोजावी, असे त्यांचे दिवस जात.

परंतु वनातील शांततेत त्यांना जगाचा विसर पडला नाही. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला त्यांनी कर नाकारला आणि १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. या अनुभवातून लिहिलेला त्यांचा निबंध पुढे महात्मा गांधींनी आदराने वाचला. दोन वर्षांनी थोरो गावी परतले. वनवासावरील त्यांचे ‘वॉल्डन’ हे पुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्गा भागवत यांनी ते मराठीत आणले. १८६२ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, थोरो निवर्तले. गरजा कमी असलेला माणूस अन्यायाला निर्भयपणे नकार देऊ शकतो, हे त्यांच्या जीवनातून दिसते.