फॅरेडेचा रंगमंच

मराठीत नाटकाचा प्रयोग होतो आणि प्रयोगशाळेतही प्रयोगच होतो. मायकेल फॅरेडेच्या बाबतीत हा केवळ शब्दाचा योगायोग राहत नाही. डायनॅमोच्या मुळाशी असलेला सिद्धान्त १८३१ साली शोधणारा हा शास्त्रज्ञ रंगमंचाचाही तितकाच जाणकार होता.

लोहाराच्या घरी १७९१ साली जन्मलेला फॅरेडे लंडनमध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी करीत होता. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीची व्याख्याने ऐकली. डेव्ही थोर रसायनशास्त्रज्ञ होता, आणि सभा जिंकणारा नटही. त्या व्याख्यानांची टिपणे स्वतः बांधून फॅरेडेने ती डेव्हीकडे धाडली. मार्च १८१३ मध्ये तो त्याच संस्थेत साहाय्यक झाला. त्यानंतर काही महिन्यांतच मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने व्याख्यानगृहातील हवा व उजेड, वक्त्याची उभे राहण्याची रीत, उपकरणांची मांडणी आणि श्रोत्यांची सहनशक्ती यांचा बारकाईने विचार केलेला आढळतो. एक तासाहून अधिक बोलू नये, असे त्याचे मत होते. पुढे त्याने रीतसर वक्तृत्वाचे धडे घेतले. बोलण्याची गती वाढू नये म्हणून तो आठवणीचे कार्ड समोर ठेववून घेई. १८२५ साली संस्थेत तरुणांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. त्यांतील १९ मालिका त्याने दिल्या.

हे सारे संशोधनाला जोडलेले शोभेचे काम होते, असे मानणे चूक ठरेल. त्याची प्रयोगशाळा तळघरात होती आणि व्याख्यानगृह वर. पण १८३६ च्या जानेवारीत त्याने खुद्द व्याख्यानगृहातच बारा फूट लांबी, रुंदी व उंचीचा एक पिंजरा उभारला, त्यावर यंत्राने प्रचंड विद्युत्‌भार चढविला आणि मेणबत्त्या व विद्युत्‌मापक घेऊन तो स्वतः आत जाऊन बसला. बाहेर ठिणग्या उडत असताना आत विजेचा मागमूसही नव्हता. भार केवळ बाह्य पृष्ठभागावरच राहतो, हे त्याने रंगमंचावरच सिद्ध केले.

नाट्याची ताकद जाणणाऱ्या या माणसाला नाट्याच्या आड दडलेली फसगत मात्र खपत नसे. १८५३ मध्ये टेबल आपोआप फिरविण्याचे खूळ लंडनमध्ये शिगेला पोहोचले होते. फॅरेडेने बसणाऱ्यांच्या हातांखाली पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि मध्ये मऊ चिकट गोळ्या लावल्या. टेबलाआधी हातच सरकतात, हे थरांच्या घसरण्यावरून दिसले. मग त्याने गवताच्या काडीचा दर्शक जोडला. तो डोळ्यांसमोर येताच टेबल जागचे हलेना. हे लोक लबाड नव्हते, नकळत ढकलत होते, एवढाच निष्कर्ष त्याने काढला. दोष त्याने शिक्षणपद्धतीला दिला. तरीही अनेकांचा भ्रम टिकला, याची खंत त्याला राहिली.

उतारवयात स्मरणशक्ती दगा देऊ लागली. २० जून १८६२ रोजी त्याचे अखेरचे शुक्रवारचे व्याख्यान झाले. विषय होता वायूवर चालणाऱ्या भट्ट्यांचा. त्या दिवशीच्या टिपणांत भट्टीच्या मुद्द्यांबरोबर आपल्या निवृत्तीचे आणि विस्मरणाचे मुद्देही त्याने क्रमाने लिहून ठेवले होते.