इग्नाझ सेमेलवाईस : हात धुवायला सांगणारा सहाय्यक डॉक्टर



दरवर्षी १५ ऑक्टोबरला आपण शाळेत जागतिक हात धुवा दिन साजरा करतो. मुलांकडून हात धुण्याच्या पायऱ्या करून घेतो, फोटो काढतो. पण हीच साधी गोष्ट वरिष्ठांच्या गळी उतरवताना एका तरुण डॉक्टरचं आयुष्य खर्ची पडलं, हे मुलांना क्वचितच सांगितलं जातं. आज त्यांच्याविषयी.

बालपण आणि नोकरी

इग्नाझ सेमेलवाईस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे झाला. वडिलांचा किराणा मालाचा चांगला व्यापार होता. कायदा शिकायला म्हणून ते व्हिएन्नाला गेले आणि वैद्यकशास्त्राकडे वळले. १८४४ मध्ये डॉक्टर झाले. १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, प्राध्यापक योहान क्लाइन यांच्या हाताखाली प्रसूती विभागात सहाय्यक म्हणून लागले. प्राध्यापक येण्याआधी रुग्ण तपासून ठेवायचे, विद्यार्थ्यांना शिकवायचे, नोंदी ठेवायच्या, अशी कामं. हुकूम चालायचा तो क्लाइन यांचा.

दोन वॉर्ड, एक कोडं

तिथे प्रसूतीचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या वॉर्डात शंभरातल्या जवळपास १० बाळंतिणी तापाने दगावत. दुसऱ्यात हे प्रमाण ४ पेक्षाही कमी होतं. गावभर ही गोष्ट माहीत होती. पहिला वॉर्ड नको म्हणून बायका हातापाया पडायच्या. काहीजणी तर रस्त्यातच बाळंत होणं पत्करायच्या.

सेमेलवाईस यांनी एकेक कारण तपासून बाजूला काढलं. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या वॉर्डात ती जास्त. हवा दोन्हीकडे एकच. बाळंतिणीला झोपवायची पद्धत बदलून पाहिली, फरक नाही. घंटा वाजवत जाणाऱ्या धर्मगुरूंच्या भीतीने बायका खचतात की काय, म्हणून त्यांचा रस्ताही बदलला. तरी मृत्यू थांबेनात.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही डॉक्टर कोलेट्श्का वारले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शरीरात आढळलेली लक्षणं बाळंतिणींसारखीच होती. इथे कोडं सुटलं. विद्यार्थी आणि डॉक्टर शव तपासून थेट बाळंतिणीकडे येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत. रोग हातांवरून येत होता!

मे १८४७ पासून त्यांनी वॉर्डात शिरण्याआधी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टाकते, त्या पावडरचंच पाणी म्हणा ना. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं. जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. पुढच्या वर्षी दोन महिने तर असे गेले की त्या वॉर्डात एकही बाळंतीण दगावली नाही.

मग अडलं कुठे?

आपल्याला वाटेल, एवढा पुरावा पुरे झाला. पण क्लाइन यांना ते पटलं नाही. पटवून घेणंही सोपं नव्हतं. ते मान्य करायचं म्हणजे इतकी वर्षं आपल्याच हातांनी बायका मेल्या, हे मान्य करायचं. आणि सांगणारा कोण, तर हाताखालचा माणूस!

दुसरीकडे सेमेलवाईसही कमी पडले. इतकी मोठी गोष्ट हाती असून त्यांनी ती लिहून काढली नाही. त्यांच्या वतीने मित्र हेब्रा यांनी लेख लिहिले. त्यामुळे बाहेर अर्धवट माहिती पोचली. हा प्रश्न फक्त शवांचा आहे, असा अनेकांचा समज झाला. खरं तर कोणत्याही सडक्या जखमेतूनही हा रोग हातावर येतो, हे सेमेलवाईस यांच्या लक्षात आलं होतं. मार्च १८४९ मध्ये नोकरीची मुदत संपली, ती वाढवून मिळाली नाही. १८५० मध्ये वैद्यकीय मंडळापुढे त्यांनी अखेर भाषण केलं. पण त्याच वर्षी, मित्रांनाही न सांगता, व्हिएन्ना सोडून ते पेस्टला निघून गेले.

तिथल्या रुग्णालयातही त्यांनी बाळंतिणी वाचवल्या. मात्र पुस्तक यायला १८६१ उजाडलं. आपल्याही हातून किती जणी गेल्या असतील, ही टोचणी त्यांनी त्यात मोकळेपणाने मांडली. पण तोवर मन कडवट झालं होतं. न ऐकणाऱ्या प्राध्यापकांना त्यांनी उघड पत्रांतून खुनी म्हटलं. दारं आणखी बंद झाली. १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं आणि दोनच आठवड्यांत, १३ ऑगस्टला, ते वारले. वय ४७. जखम चिघळून रक्तात विष पसरलं होतं. ज्या प्रकारच्या विषाशी ते झगडले, त्यानेच त्यांचा घास घेतला. पुढे पाश्चर आणि लिस्टर यांच्या कामाने जंतूंची गोष्ट सिद्ध झाली, तेव्हा जगाला त्यांची आठवण झाली. आज बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आपण काय घ्यावं?

गणितात उत्तर बरोबर असून रीत लिहिली नाही, तर आपण मुलांचे गुण कापतो. सेमेलवाईस यांचं उत्तर बरोबर होतं. रीत लोकांपर्यंत वेळेवर पोचली नाही. नवीन कल्पना आधी आपल्या हातातल्या जागी करून बघावी, नोंदी ठेवाव्यात, हे त्यांनी उत्तम केलं. पण ते लिहावं, संयमाने समजवावं, आणि मीही चुकत होतो हे आधी सांगावं, हेही तितकंच गरजेचं होतं.

मात्र सगळा दोष त्यांच्या माथी मारू नये. आपल्या शाळेत नवीन लागलेले सर किंवा बाई एखादी वेगळी पद्धत सुचवतात, तेव्हा आपणही पटकन म्हणून जातो की आमच्याकडे असं चालत नाही. पुढच्या वेळी जरा थांबूया. निदान त्यांची नोंदवही तरी उघडून बघूया. व्हिएन्नात ती वेळेवर बघितली गेली नाही, आणि त्याची किंमत त्या वादाशी काही संबंध नसलेल्या बाळंतिणींनी मोजली.